कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत; १९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतल्यावर त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळाची अट घालून त्यांना प्रवेश देण्यात आला. त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही खुली झाली. तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला.

केंब्रिज येथील संशोधन

१९३७ च्या सुमारास त्या केंब्रिज विद्यापीठात गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते व ते ऑक्सिडीकरणात भाग घेते, असे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता.

सायटोक्रोम-सीमधील लोहाचा अणू एक इलेक्ट्रॉन स्वीकारतो व पुढच्या प्रथिनाकडे सोपवतो. अन्नातील ऊर्जा पेशीला मिळते ती अशाच साखळीतून. सजीवांतील हाच इलेक्ट्रॉन-प्रवाह विद्युताग्राकडे वळवला की जैवइंधन घट तयार होतो. स्वयंचलित जैवसंवेदकांत असा घटच विजेचा स्रोत असतो. त्याच्या विद्युताग्रावर ठरावीक प्रथिन पकडणारे रेणू बसवतात. ते प्रथिन तेथे चिकटले की प्रवाहात बदल होतो आणि त्यावरून प्रथिनाचे प्रमाण कळते. त्यास बाहेरील बॅटरी लागत नाही. सोन्याचे अतिसूक्ष्म कण किंवा कार्बनच्या नलिका वापरल्याने विद्युताग्राचे पृष्ठफळ वाढते. हे तंत्र कमलाबाईंच्या कार्यानंतर फार उशिरा आले; परंतु त्याचा पाया असलेली प्रथिनांतील इलेक्ट्रॉन-वहनाची समज त्यांच्या पिढीच्या संशोधनातून वाढत गेली.

भारतातील कार्य

परदेशातील संधी सोडून त्या १९३९ साली मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून व नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. गरिबांच्या आहारातील उणीव स्वस्त, स्थानिक पदार्थांनी भरून काढणे हा त्यामागील हेतू होता. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या संचालकपदी त्यांची नेमणूक मात्र विलंबानेच झाली.

निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत भाग घेतला व अन्नभेसळीविषयी लोकजागृती केली. १९९८ साली त्यांचे निधन झाले.