प्रोलॉगचं ‘नाही’ आणि जांबचे समर्थ

प्रोलॉगमधलं निगेशन मला खऱ्या अर्थाने समजलं ते समर्थ रामदासांमुळे. विचित्र वाटेल, पण मी जालना जिल्ह्यातला आणि समर्थ आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे.

जन्म शके १५३०, म्हणजे १६०८, रामनवमीचा. नाव नारायण. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई. बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवात ‘सावधान’ ऐकून तो पळाला, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. परंपरेनुसार पुढची बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तपश्चर्येत गेली आणि त्यानंतरची बारा पायी देशभर फिरण्यात. मग समर्थ कृष्णेच्या खोऱ्यात आले. चाफळला राममंदिर उभारलं, ठिकठिकाणी मारुती बसवले, मठ काढले.

शिवथरघळीत त्यांनी दासबोध सांगितला आणि शिष्य कल्याणने लिहून घेतला, असं मानतात. २० दशक, प्रत्येकात १० समास. (फोल्डरची रचना बघा!) सातव्या दशकाच्या तिसऱ्या समासात ब्रह्माची चौदा नावं आहेत: शब्दब्रह्म, सर्वब्रह्म, साक्षब्रह्म, सगुण, निर्गुण वगैरे. समर्थ ती एकेक करून खोडतात. ‘सर्व’च नाश पावतं, मग सर्वब्रह्म कसलं? साक्षी व्हायला समोर काहीतरी लागतं. तेच नसेल तर साक्षी कुणाचा? निर्गुण हे नावही गुणांच्याच आधाराने उभं. असं करत चौदाही जातात.

आता प्रोलॉग. जिल्ह्याचे आठ तालुके त्यात फॅक्ट म्हणून भरा. ‘पैठण आपला तालुका नाही ना?’ विचारलं की तो यादी शोधतो, पैठण सापडत नाही, म्हणून ‘बरोबर, नाही’ म्हणतो. हेच ‘निगेशन ॲज फेल्युअर’. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये त्याचा तार्किक अर्थ मांडला. पण मंठा भरायचा विसरलात, तर प्रोलॉगच्या लेखी मंठाही जालन्यात नाही! एका कामात माझ्या कोडने अगदी असंच केलं होतं. ज्यांचं रेकॉर्ड सापडलं नाही, ते सगळे थेट अपात्र. प्रत्यक्षात त्यांची नोंद व्हायची बाकी होती.

दुसरी गोम अशी. ‘जो आपला तालुका नाही असा क्ष सांग’ म्हणा. क्ष मोकळा आहे, म्हणून प्रोलॉग आधी तालुका शोधतो, त्याला जालना सापडतो, आणि सगळ्या प्रश्नालाच तो ‘फॉल्स’ म्हणतो. पैठण काही येत नाही. हा नकार फक्त तपासतो, उत्तर शोधून हातात देत नाही.

समर्थ इथे फसत नाहीत, असं मला वाटतं. चौदा नावं गेली म्हणून ब्रह्मच नाही, असा निष्कर्ष ते काढत नाहीत. आणि उरलेलं पंधरावं नावही पुढे करत नाहीत. ते ज्याचं त्याने गुरूच्या सांगण्यावरून, विवेकाने, अनुभवून ओळखायचं. प्रचीतीवर त्यांचा भर दासबोधभर दिसतो. तो समास वाचल्यावर मी कोडमध्ये ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ अशी दोन वेगळी उत्तरं केली. दुसरं आलं की माणूस तपासतो.

समर्थांची शेवटची वर्षं सज्जनगडावर गेली. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला त्यांनी तिथेच देह ठेवला. तीच दासनवमी.