सुरखी, रेझिन आणि विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. ज्यांच्या जन्मदिवशी तो येतो, त्या विश्वेश्वरय्यांचं चरित्र मी वाचायला घेतलं ते फायनल इयरच्या प्रोजेक्टमुळे. माझा विषय : तागाचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांपासून केलेले स्वस्त पत्रे बांधकामात किती टिकतील?

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८६१ साली कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीत जन्मले. वडील लवकर गेले. शिकवण्या करून ते बंगळूरला बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. हेच आजचं सीओईपी. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. पुढे खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले आणि धरणाची भिंत न वाढवता पाणीसाठा वाढला.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. सिमेंट तेव्हा परदेशातून यायचं, परवडायचं नाही. म्हणून दगड सुरखी-चुन्यात बसवले. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. चुन्याशी तिचा संयोग होतो आणि तो माल पाण्यातही घट्ट होत जातो. आपल्या मौद्याच्या वीजकेंद्राची राख म्हणजे तिची चुलत बहीणच! ते धरण आजही उभं आहे.

मला इथेच उत्तर सापडलं. सुरखी नुसती स्वस्त होती म्हणून टिकली नाही. जिथे पाणी तिचं काही बिघडवत नाही आणि भार मुख्यतः दाबाचा असतो, तिथे ती वापरली गेली. तागाचं नेमकं उलटं. तो पाणी शोषतो, फुगतो आणि रेझिनपासून सुटतो. उन्हाने रेझिनही ठिसूळ होतं. तागाऐवजी काचेचे तंतू घेऊन थेट सिमेंटमध्ये घातले, तर सिमेंटचा अल्कलीपणा साध्या काचेला खातो. म्हणून नव्या तुकड्याची ताकद मोजून भागत नाही. तुकडा आधी पाण्यात ठेवायचा, उन्हात तापवायचा आणि मगच मोडून बघायचा. कन्हानकाठचा पावसाळा आणि इथला मे महिना सोसायचा, तर असे पत्रे घरातल्या पार्टिशनला ठीक. उघड्या छपराला नकोत.

१९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये, वयाची शंभरी गाठून ते गेले. स्वस्त बांधणं कमीपणाचं नाही, पण कुठे आणि किती वर्षांसाठी बांधतोय, हे आधी विचारायला हवं. एवढं मी त्यांच्याकडून घेतलं.