तिसरा रंग आणि शांतारामांचे डोळे

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1901 रोजी कोल्हापुरात झाला. महाराष्ट्र त्यांना व्ही. शांताराम म्हणून ओळखतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते चित्रपट शिकले. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. चारच वर्षांत त्यांनी मोठे धाडस केले. ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करायचे ठरवले आणि त्यासाठी फिती घेऊन ते थेट जर्मनीला गेले. पण प्रतींवर रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रयोग फसला.

त्या काळच्या रंगीत चित्रीकरणाची मर्यादा समजून घ्यायची तर आधी डोळा समजून घ्यावा लागतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. ढोबळमानाने एक लाल, दुसरी हिरव्या आणि तिसरी निळ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देते. या तीन संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. तेव्हाच्या अनेक पद्धतींत मात्र दोनच नोंदी होत, एक तांबड्या-नारिंगी छटांची आणि दुसरी निळ्या-हिरव्या छटांची. त्यातून चेहऱ्याचा वर्ण बरा उतरे, पण जांभळा किंवा शुद्ध पिवळा रंग नीट साधत नसे. आज अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत संगणकाला एका ओळीची आज्ञा देऊन लाल, हिरवा, निळा यांचे प्रमाण वेगवेगळे कमी-जास्त करता येते. पिवळट पडलेले दृश्य त्यामुळे सुधारते. पण जी नोंद मुळात झालीच नाही, ती अंदाजानेच भरावी लागते.

शांतारामांनी अपयश मनाला लावून घेतले नाही. 1934 च्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूच्या एका डोळ्याने त्यांनी सारा पडदा व्यापला. 1942 मध्ये परळला ‘राजकमल कलामंदिर’ सुरू झाले. 1955 मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आला आणि बावीस वर्षांपूर्वी हुकलेले रंग पडद्यावर झळकले.

पुढचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यांनी कृष्णधवल केला. त्यात बैलाशी झुंजण्याचे दृश्य होते आणि नायक ते स्वतःच होते. त्या झुंजीत त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. रंगांसाठी जर्मनी गाठणाऱ्या माणसाची दृष्टीच जाते की काय, अशी वेळ आली. सुदैवाने ती वाचली. 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात हा चित्रपट गौरवला गेला.

डोळ्यांवर पट्टी असतानाच्या अंधारात त्यांना रंगच रंग दिसत राहिले. त्यातून 1959 चा ‘नवरंग’ घडला. यात चमत्कार नाही. डोळ्यांकडून संदेश येणे थांबले तरी मेंदूतील दृष्टीचे केंद्र थांबत नाही. बराच काळ डोळे झाकलेल्या काही माणसांना रंग, आकृत्या, कधी चेहरेही दिसतात. ते वेडाचे लक्षण नव्हे.

30 ऑक्टोबर 1990 रोजी वयाच्या 88 व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची दृष्टी वाचली, पण प्रत्येकाच्या वाट्याला तसे दैव येत नाही. चेंडू, ठोसा किंवा शिंग डोळ्याला लागले तर डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेली वस्तू ओढून काढू नये. प्लास्टिकच्या स्वच्छ पेल्यासारखे काहीतरी वरून हलकेच धरावे आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. वरून डोळा ठीक दिसला तरी आत रक्त साचलेले असू शकते, भिंग सरकलेले असू शकते. काही दिवसांनी वीज चमकल्यासारखे दिसले, काळे ठिपके तरंगू लागले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर आतला पडदा सुटत असण्याची शक्यता असते.

रंगांचीही एक खूण लक्षात ठेवावी. एकेक डोळा हलक्या हाताने झाकून तीच लाल वस्तू पाहावी. एका डोळ्याला तो लाल रंग फिका दिसू लागला, तर दृष्टीच्या नसेला इजा झालेली असू शकते. ही तपासणी घरी होते, उपचार मात्र रुग्णालयातच, आणि तेही त्याच दिवशी.