अनुताई वाघ आणि कुरणातली शाळा

अनुताई वाघ हे नाव आपण शाळेत ऐकलं ते सामान्यज्ञानाच्या एका ओळीपुरतं. कोसबाड, आदिवासी मुलं, बालवाडी, पद्मश्री. परीक्षेला तेवढं पुरायचं. त्यांची कोसबाडची वाट आपल्या बोरिवलीवरून गेली, हे मला अगदी अलीकडे समजलं आणि तेव्हापासून या बाई डोक्यातून जाईनात. म्हणून स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या असताना मी चरित्र लिहायला बसले आहे. संपादक मंडळ सांभाळून घेईल.

१९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गांधी गेल्या. त्यांच्या नावाने गोळा झालेल्या निधीतून खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठी काम करणारा कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. गावात जाऊन राहतील अशा सेविका तयार करण्यासाठी ट्रस्टने १९४५ मध्ये बोरिवलीला शिबिर भरवलं. आजचं बोरिवली डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा हे मुंबईबाहेरचं गाव होतं, शेतं आणि वाड्या असलेलं. या शिबिरासाठी पुण्याहून एक पस्तीस वर्षांच्या शिक्षिका आल्या होत्या. हुजूरपागेसारख्या नावाजलेल्या शाळेत त्यांची दहा-अकरा वर्षं नोकरी झालेली होती. हे सगळं सोडून खेड्यात जायचं, हे त्यांच्या मनात ठरत आलं होतं. या शिबिराच्या काळातच त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली, आणि दोघींची पुढची अठ्ठावीस वर्षं ठरून गेली.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बालविधवेपुढे काय वाढून ठेवलेलं असे, ते वेगळं सांगायला नको. त्या शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या, चार वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात शिकवलं आणि १९३३ मध्ये हुजूरपागेत आल्या. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बसायचं, असं करत त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बी. ए. झाल्या त्या १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, कोसबाडचा सगळा व्याप अंगावर असताना.

या तारखा मी मुद्दाम सांगते आहे. शिकायचं वय, शाळेची वेळ, परीक्षेचं वर्ष यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या आयुष्याशी जुळणारी नव्हती. जे मिळालं ते कामाच्या फटीतून मिळालं. पुढे त्यांनी ज्या मुलांसाठी शाळा काढल्या त्यांचा दिवसही शाळेच्या घड्याळाशी जुळत नव्हता, आणि अनुताईंना हे चटकन उमगलं याचं मला तरी नवल वाटत नाही.

ताराबाई त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. त्यांचं शिक्षण मुंबईचं, वळण प्रार्थना समाजी, १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत गेल्या. तिथे दोघांनी माँटेसरीच्या पद्धतीला देशी रूप दिलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, शिक्षण पत्रिका निघाली. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. ते उत्तम चाललं. पण तिथे येणारी मुलं पांढरपेशा घरांतली होती. माँटेसरीची लाकडी साधनं महाग, आणि ती परवडणारी घरं थोडी. बालशिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत न्यायचं तर ते किती पैशांत बसवायचं, हा प्रश्न त्यांना सतावत होता. या प्रश्नावर काम करायला त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी गाठलं. त्यांना सोबत हवी होती ती अनुताईंची मिळाली.

बोर्डी म्हणजे घोलवड स्टेशनला उतरून समुद्राकडे जायचं ते चिकूच्या वाड्यांचं गाव. आपल्यातले कितीतरी जण सहलीला जाऊन आले असतील. तिथे बालवाडी निघाली, पण हरिजन वाड्यातली मुलं तिच्यात येईनात. घरून पाठवत नसत, आणि गावातल्या काहींना ती यायला नकोच होती. मग दोघी मुलांच्या अंगणात गेल्या. तिथेच मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची आणि खेळ मांडायचा. साधनं तिथलीच: शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या. रंग ओळखायला, मोजायला, लहान-मोठं लावायला शिंपला लाकडी ठोकळ्याइतकाच चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. अंगणात भरते ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या होत्या.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. डहाणू तालुक्यातला हा वारल्यांचा मुलूख. बोर्डीचं काम सुरू झालं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, याच पट्ट्यातल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी नाकारली होती. वेठ गेली तरी गरिबी होतीच. आई-बाप पहाटे कामाला जायचे. घरी राहायची आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर धाकटं भावंड घेऊन. मुलगा असला तर तो गुरांमागे. शाळा सकाळी अकराला भरणार आणि पाचला सुटणार. यात या दोघांना जागा कुठे होती?

दोघींनी टेकडीवर विकासवाडी उभी केली तिची रचना इथे समजते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळणाघरात ठेवलं, मधलं बालवाडीत सोडलं, की मोठीचे हात मोकळे. मुलीने शाळेत यावं म्हणून आई-बापांपुढे व्याख्यानं देण्यापेक्षा तिच्या कडेवरचं मूल उतरवून घेणं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कार्यालयात आम्ही संगणकप्रणाली करतो तेव्हा कुठलं काम कशासाठी अडलं आहे याचा नकाशा आधी काढतो. या बायकांनी तो नकाशा झोपडीत बसून काढला होता.

गुराख्यांचा प्रश्न तरीही उरला. गुरं काही पाळणाघरात ठेवता येत नाहीत. तेव्हा शिक्षक साधनं घेऊन कुरणात जाऊ लागले. गुरं चरायला लागली की मुलं जमायची, आणि गुरांवर नजर ठेवून शिकायची. ही कुरणशाळा. ज्यांना दिवसा तेही जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्री वर्ग होते, आणि रात्री शिकणं काय असतं हे अनुताईंना कुणी सांगायला नको होतं.

आता कुरणात शिकवायचं काय? घंटा नाही, फळा नाही, भाषेचा तास आणि गणिताचा तास अशा भिंती नाहीत. शिवाय मुलांच्या घरची बोली वारली. पुस्तकातली मराठी त्यांना जवळजवळ परकी. तिथे विषय समोर जे आहे तोच होतो. गवत घ्या. डहाणू-पालघरकडचं गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना जायचं, म्हणजे आपल्या उपनगरातल्या म्हशी ते खायच्या. मी एकदा वहीत मांडून पाहिलं, या एका गवतातून किती निघतं. पेंढ्या मोजणं आणि भारे वजन करणं, हे गणित. आई-बापांनी कापलेल्या भाऱ्याला काय मिळालं आणि मुंबईत तो काय भावाने गेला, हेही गणितच, पण जरा झोंबणारं. पावसाळ्यात वाढतं, दिवाळीनंतर वाळतं, गुरांना कुठलं आवडतं, हे निसर्गशास्त्र. रेल्वेने कुठवर जातं हा भूगोल. गवतावरून झालेले संप हा इतिहास. गाणं तर आहेच. गुराखी पोराला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. शाळेने त्याच्या माहितीला अक्षरं आणि आकडे द्यायचे.

त्यांचं वर्षही ठरलेलं. जूनमध्ये पेरणी, मग लावणी, पावसात सगळं घर चिखलात. दिवाळीच्या आगेमागे भातकापणी, तारप्याचा नाच. त्यानंतर गवत, मग कामाच्या शोधात बाहेर, आणि उन्हाळ्यात पाण्याची पायपीट. तिथे वर्षाचे विषय ठरवताना हा क्रम डावलला, तर लावणीच्या आठवड्यात वर्ग रिकामा.

शिक्षणशास्त्रात याला समवाय म्हणतात. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीम मांडली तिचा तो गाभा: हस्तोद्योग धरायचा आणि सगळे विषय त्यात ओवायचे. त्याआधी १९१८ मध्ये अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर लिहिलं होतं. कल्पना म्हणून नवी नाही. पण नयी तालीमच्या अनेक शाळांत समवाय ओढूनताणून आला, टकळीला पाढे आणि टकळीलाच इतिहास चिकटवला गेला, आणि मुलं कंटाळली. कोसबाडला विषय मुलाच्या अंगावरून, कडेवरून आणि दावणीवरून आला. मला फरक दिसतो तो इथे.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण आपल्या शाळेशी जोडलेलं आहे. प्राथमिक विभागासाठी वर्षभराचे एकत्रित विषय आखायला माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावावा, असं बाईंनी सुचवलं, आणि आपल्या गटावर दोन दिवसांत यादी तयार झाली. अवकाश, डायनासोर, रोबो, जगातली आश्चर्यं, कोडिंग. (शेवटचं माझ्याच व्यवसायबंधूंकडून.) यादी वाईट नाही. पण ती आपल्या मुलांची आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांची मुलं या शाळेत नाहीत. आज तिथल्या बाकांवर जी मुलं बसतात त्यांच्यातल्या पुष्कळांच्या आया चार घरची कामं करतात, वडील रिक्षा चालवतात, धाकट्याला सांभाळायला बहीण घरी राहते. पटसंख्या उतरते आहे हे आपण सगळे जाणतो. विषय चुकले तर ती आणखी उतरेल असं मी म्हणत नाही. पण उरलेल्यांपैकी कोण कुठल्या महिन्यात आणि कशामुळे गैरहजर असतं, ते हजेरीपटात आधी पाहू या. विषय त्यानंतर ठरवू.

आणि विषय शोधायला लांब जायला नको. वारली पाहायला डहाणू गाठावं लागत नाही. त्यांचे पाडे आपल्या नॅशनल पार्कात आहेत. त्याच जंगलात तुळशी तलावाजवळ उगम पावणारी दहिसर नदी बोरिवलीतून वाहते, आणि आपण तिला नाला म्हणत मोठे झालो. जून ते सप्टेंबर ती एकटी पुरेल. पाणी किती चढलं ते पुलाच्या खांबावर खुणा करून मोजणं, २६ जुलै २००५ ला आपापल्या घरी काय झालं ते आजीला विचारून लिहून आणणं, कान्हेरीच्या लेण्यांत पावसाचं पाणी टाक्यांत कसं साठवत ते पाहून येणं. मात्र वाचनाचा आणि पाढ्यांचा रोजचा सराव वेगळा ठेवावाच लागेल. नदी कितीही चांगली असली तरी सातचा पाढा तिच्यातून वाहत येत नाही, आणि ही गोष्ट आपल्या बाईंना आपल्यापेक्षा जास्त कळते.

ताराबाई गेल्यानंतर अनुताई एकोणीस वर्षं टेकडीवरच राहिल्या. बालवाडीच्या शिक्षिका घडवल्या, सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली, कोसबाडच्या टेकडीवरून या नावाने आत्मकथन लिहिलं. सत्तरी उलटल्यावर, १९८२ मध्ये, रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था काढली. पद्मश्री मिळाली, पण त्यांचा मुक्काम हलला नाही. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या. भात पोटरीला येण्याचे दिवस. त्या भागात शेतातलं काम जरा सैल पडतं आणि मुलं शाळेला मोकळी असतात.

२०१३ पासून आपली लोकल डहाणूपर्यंत जाते. पुढच्या स्नेहसंमेलनाआधी आपण आणि प्राथमिक विभागाच्या बाई मिळून एकदा कोसबाडला जाऊन यावं, अशी सूचना मी समितीकडे दिली आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं द्यावीत.