चंद्रलेखा : परंपरेला प्रश्न विचारणाऱ्या नृत्यरचनाकार

प्रास्ताविक

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण बहुधा संत, समाजसुधारक किंवा राजकीय नेते यांची चरित्रे वाचतो. या पाठात तुम्हांला एका नृत्यरचनाकाराच्या जीवनाचा परिचय करून घ्यावयाचा आहे. चंद्रलेखा (१९२८–२००६) यांनी भरतनाट्यमच्या पायावर आधुनिक भारतीय नृत्यरचनेची स्वतंत्र वाट घातली. तुम्ही नृत्य शिकलेले नसाल, तरी हा पाठ समजण्यास अडचण येणार नाही. त्यांच्या जीवनाला वळण देणारा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही : वारशाने मिळालेले कलारूप आणि भोवतालचे जगणे यांचे नाते कोणते?

जडणघडण

चंद्रलेखा प्रभुदास पटेल यांचा जन्म महाराष्ट्रातील वाडा येथे एका गुजराती कुटुंबात झाला. वडील डॉक्टर आणि अज्ञेयवादी, तर आई श्रद्धाळू होती. बालपण गुजरात व महाराष्ट्रात गेले. शालेय शिक्षणानंतर त्यांनी कायद्याच्या अभ्यासास प्रारंभ केला. परंतु तो मध्येच सोडून त्या नृत्याकडे वळल्या आणि मद्रासमध्ये कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकू लागल्या. बालसरस्वती आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल या दोन थोर नर्तकींचाही त्यांच्यावर प्रभाव पडला.

हा काळ तुम्ही ध्यानात घ्यावा. मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने देवदासी समर्पणास बंदी आली होती. मंदिराशी आणि दरबाराशी जोडलेले नृत्य आता शहरी रंगमंचावर स्थिरावत होते, आणि मध्यमवर्गीय घरांतील मुली ते शिकू लागल्या होत्या. नृत्याचे स्थान बदलले, प्रेक्षक बदलला. आशय मात्र पुष्कळसा पूर्वीचाच राहिला.

१९५२ चा प्रसंग

या पार्श्वभूमीवर १९५२ मध्ये चंद्रलेखांचे अरंगेत्रम, म्हणजे पहिले जाहीर नृत्यप्रदर्शन झाले. रायलसीमा भागातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी हा कार्यक्रम होता. त्यातील एका रचनेत यमुनेच्या भरल्या पात्राचे आणि गोपींच्या जलक्रीडेचे चित्रण होते. नाचता नाचता त्यांच्या मनात विसंगती उभी राहिली. वर्तमानपत्रांतून दुष्काळाची छायाचित्रे येत होती, तडे गेलेली जमीन दिसत होती. आणि येथे हस्तमुद्रांतून पाण्याची समृद्धी साकार होत होती. ज्यांच्यासाठी निधी जमवावयाचा, त्यांच्या घोटभर पाण्याची वानवा आणि रंगमंचावरील पाण्याची रेलचेल एकाच वेळी त्यांच्या जाणिवेत आली. कलेचे सौंदर्य खोटे नव्हते आणि दुष्काळही खरा होता. या दोहोंना जोडणारी गोष्ट मात्र त्यांना सापडेना. पुढील सारे आयुष्य त्या हाच दुवा शोधत राहिल्या.

खंड आणि पुनरागमन

त्यांनी नृत्य लगेच सोडले नाही. ‘देवदासी’ (१९६०) आणि ‘नवग्रह’ (१९७२) या रचना त्यांनी केल्या. त्यानंतर मात्र सुमारे बारा वर्षे त्या नृत्याच्या रंगमंचापासून दूर राहिल्या. या काळात त्यांनी लेखन केले, भित्तिचित्रे व प्रदर्शने तयार केली आणि स्त्रीचळवळीत काम केले. या वर्षांना चरित्रकाराने रिकामी जागा समजू नये. नृत्यातील स्त्रीदेह आणि समाजातील स्त्रीचा देह यांविषयीची त्यांची जाण या कामातूनच पक्व झाली. शिक्षणात खंड पडल्यानंतर पुन्हा अभ्यासाकडे वळलेल्या तुमच्यापैकी अनेकांना हे अनुभवाने पटेल.

१९८४ मध्ये मुंबईत पौर्वात्य आणि पाश्चात्त्य नर्तकांचा एक परिसंवाद भरला. त्या निमित्ताने त्या नृत्यरचनेकडे परतल्या. पुढच्याच वर्षी ‘अंगिका’ ही रचना आली.

व्याकरण आणि आशय

‘अंगिका’चे वेगळेपण भाषेच्या उदाहरणाने समजून घेऊ. भाषेत वर्णांपासून शब्द आणि शब्दांपासून वाक्य बनते. भरतनाट्यममध्ये पाय, हात व दृष्टी यांच्या नियत हालचालींचे जे मूलघटक असतात, त्यांना अडवू म्हणतात. त्यांच्या गुंफणीतून नृत्य घडते. अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, हा त्याचा पाया. या शरीराची भावंडे चंद्रलेखांना योगासनांत आणि केरळमधील कळरिपयट्टू या युद्धकलेत दिसली. त्यांनी हे व्याकरण कसोशीने राखले. त्या व्याकरणात रूढीने बोलली जाणारी वाक्ये मात्र बाजूला ठेवली. दागिने, ठरावीक स्मित, प्रियकराची वाट पाहणारी नायिका, देवादिकांच्या कथा यांना त्यांच्या रंगमंचावर स्थान उरले नाही. राहिले ते पाठीचा कणा, श्वास, तोल आणि श्रम.

‘लीलावती’ (१९८९) या रचनेत त्यांनी भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील गणितग्रंथातील कोडी नृत्यात आणली. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, हे मराठी वाचकाला येथे आठवेल. ‘श्री’ (१९९१) मध्ये वाकलेल्या कण्याने चालणाऱ्या स्त्रिया आणि ताठ उभे राहण्याचे त्यांचे सामर्थ्य हा विषय आहे. १९५२ मध्ये न सापडलेला दुवा येथे दिसतो : प्रेक्षागृहाबाहेरील कष्टणारे शरीर आणि रंगमंचावरील शरीर एकच आहे. ‘शरीर’ (२००१) ही त्यांची अखेरची रचना. ध्रुपदाच्या विलंबित स्वरांसोबत एक स्त्री आणि एक पुरुष अत्यंत संथपणे हालतात.

मूल्यमापन

परंपरानिष्ठ रसिकांना हा मार्ग मानवला नाही. अभिनय आणि कथा वगळल्यावर भरतनाट्यम उरते काय, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. अभिनयातच या नृत्याचे काव्य असते. चंद्रलेखांनी काही मिळविले, तसे काही गमावलेही. दोन्हींची नोंद चरित्रात असावी. संगीत नाटक अकादमीने १९९१ मध्ये पुरस्कार आणि २००४ मध्ये फेलोशिप देऊन त्यांचा गौरव केला. ३० डिसेंबर २००६ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. १९५२ च्या प्रसंगातील विसंगती तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. ‘व्याकरण राखले, वाक्ये बदलली’ हे विधान एखाद्या मराठी कवीच्या किंवा लेखकाच्या बाबतीत लागू पडते का, ते सोदाहरण लिहा.
३. चरित्रनायकाच्या आयुष्यातील खंड चरित्रकाराने कसा हाताळावा?