दोन सभांपुढे निर्भय : पंडिता रमाबाई

शारदीय नवरात्रात घरोघरी घट बसतात, मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन होते आणि श्रवणावर तिचे विसर्जन होते. पोथ्यापुस्तकांना गंधफूल वाहण्याच्या या दिवसांत आम्ही आज एका विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. विद्वानांनी तिला सरस्वती ही पदवी दिली. तिने आपल्या संस्थेस शारदेचेच नाव दिले. आणि तरीही आपल्या घरांत तिचे नाव दीर्घकाळ दबक्या आवाजातच घेतले गेले. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई होत.

ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या बाईचे चरित्र नवरात्राच्या पानावर कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. ती अयोग्य नाही. परंतु लोकापवाद हा विषय कोणत्याही एका धर्माचा नाही. सन्याशाची पोरे म्हणून ज्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणास जावे लागले, त्यांचीच कथा सांगून आम्ही कीर्तनकार आमचे पोट भरतो. लोकांच्या निंदेपुढे माणसाने कसे उभे राहावे, हा प्रश्न जिच्यापुढे जन्मभर उभा होता आणि ज्याचे उत्तर तिने आपल्या निराळ्या श्रद्धेतून शोधले, तिची हकीकत ऐकण्यास आपल्या देव्हाऱ्यातील समई मंद होण्याचे कारण नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यस्थानी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, निष्ठावंत वैष्णव आणि संस्कृताचे गाढे पंडित. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. ते पाहून आपणही आपल्या पत्नीस विद्या द्यावी असे तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, तेव्हा गहजब झाला. उडुपीस विद्वानांची सभा भरली आणि शास्त्रीबुवांना जाब देण्यासाठी तिच्यापुढे उभे राहावे लागले. त्यांनी धर्मग्रंथांतील आधार काढून दाखविले, स्त्रीने वेद वगळता इतर संस्कृत वाङ्मय शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही असे प्रतिपादन केले आणि सभेचे समाधान केले. रमाबाईंच्या जन्मापूर्वीच त्या घराने एक सभा अशी जिंकली होती.

आठव्या वर्षापासून रमाबाई आईजवळ शिकू लागल्या. घर असे नव्हतेच. क्षेत्रामागून क्षेत्र पायी करावे, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगावे, श्रोते जे धान्य, फळे, पैसा वाहतील त्यावर निर्वाह करावा आणि उरेल ते दान करावे, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. पुराणिकांचे हे जिणे आमच्या फडाला परके नाही. अशा या कुटुंबावर १८७० च्या दशकातील दुष्काळाची कुऱ्हाड पडली. व्रते झाली, अनुष्ठाने झाली, होते नव्हते ते विकून झाले. प्रथम वडील गेले, मागोमाग आई आणि काही महिन्यांत थोरली बहीण. आईची तिरडी उचलण्यास माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या खांद्यासाठी रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. अठरा पुराणे सांगणाऱ्या घरावर ही वेळ आली, हे आपण विसरता कामा नये. त्यांच्या पुढील आयुष्याचा न्याय करायला बसणाऱ्याने ही तिरडी आधी डोळ्यांपुढे आणावी.

भाऊबहीण पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्यांनी त्यांचा गौरव केला. एका दिवसात निराधार मुलीची देशभर कीर्ती झाली. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता. त्यामुळे स्तुतीचे सूर बदलले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ती वर्षाची होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी विधवा होऊन कडेवर मूल घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला होता. या जोगिणींचे एक घर लंडनजवळ फुलहॅम येथे होते. समाजाने पतिता म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांना तेथे सांभाळीत. ते पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांची सेवा करण्याची बुद्धी यांना कोठून झाली, असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना ऐकविण्यात आली. ती कथा आमच्या वाचकांस चटकन समजेल. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच विहिरीवर आली. पाच नवरे झालेली आणि सहाव्याजवळ राहणारी. विहिरीवर बसलेल्या येशूने तिचे सारे आयुष्य ओळखले आणि तरीही तिच्याच हातचे पाणी मागितले, तिच्याशी देवाच्या भक्तीविषयी बोलणे केले. नाथमहाराजांनी ज्यांना पंगतीस बसविले, त्यांची आठवण आम्हांस येथे होते.

त्या कथेने रमाबाईंच्या मनाचा कौल दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती श्रद्धेचे सार असे होते की, मनुष्याचा न्याय करण्याचा अधिकार एका परमेश्वराचा आहे आणि तो न्यायाधीश दयाळू आहे. ज्याला त्याने क्षमा केली, त्याने जगाच्या शिफारसपत्राची वाट पाहू नये. आणि ज्याला स्वतःला क्षमेवर जगावयाचे आहे, त्याने दुसऱ्याला दोषी ठरविण्याची घाई करू नये. या दोन गोष्टी त्यांनी किती पाळल्या, हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात धर्मांतराची वार्ता पोहोचताच वृत्तपत्रांतून टीकेचा वर्षाव झाला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली, परंतु असे आवाज थोडे. आश्चर्य असे की त्याच सुमारास ज्यांच्या घरात त्या राहत होत्या, त्या ख्रिस्ती मंडळींशीही त्यांचा वाद जुंपला होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मानली नाही. आपल्या मातृभूमीत आपण पुरुषांच्या सभा गाजविल्या, मग येथे हा निर्बंध का, असा त्यांचा रोख होता. त्रैक्यासारख्या मतांवर जेराल्डिन या जोगीणबाईंशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. बायबलात जे आपल्याला स्वतःला दिसत नाही, ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानणार नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरविले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका होती. क्रुसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांनी आक्षेप घेतला. तेथे संस्कृत का असू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी शाकाहार सोडला नाही, लुगडेही सोडले नाही. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसे, आणि तसे त्या स्पष्ट लिहीत. परंतु एवढ्या वादानंतरही उभयतांचा पत्रव्यवहार तुटला नाही, मनोरमेचे शिक्षणही काही काळ त्यांच्याच देखरेखीखाली झाले. मतभेद झाला म्हणजे माणूस टाकलाच पाहिजे, हा नियम रमाबाईंनी मानला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर १८८७ मध्ये त्यांनी इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील काही मजकूर आम्हांस आजही कठोर वाटतो. तथापि, बालविधवांची दुर्दशा त्यांनी कल्पनेने रंगविलेली नव्हती, हेही कबूल केले पाहिजे. तेथील मदतीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. कोणावरही धर्माची सक्ती नाही, प्रत्येकीने आपला आचार पाळावा, असा नियम होता. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते.

आणि मग दुसरी सभा भरली. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. हे बाहेर पडताच पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने सदनावर झोड उठविली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकर प्रभृतींनी मंडळाचे राजीनामे दिले. येथे आम्ही एकतर्फी बोलणार नाही. विश्वासाने लेक पाठविणाऱ्या बापाची भीती खोटी नव्हती. निराधार मुलीच्या मनावर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा भार न बोलताही पडतो. सदनातील काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हेही खरे. रमाबाईंचे म्हणणे इतकेच की, आपण कोणास बोलावीत नाही, आलेलीस हाकलणार नाही आणि आपली प्रार्थना दार लावून, चोरून करणार नाही. दार लोटून घेतले असते तर कदाचित वादळ शमले असते. पण लोकांसाठी एक आणि देवासाठी एक अशी दोन तोंडे ठेवणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते.

याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. ती ख्रिस्ती झाली नाही. आनंदीबाई कर्वे म्हणून हिंदू घरात नांदली आणि कर्व्यांच्या कार्याची आधारस्तंभ झाली. कर्व्यांनी १८९६ मध्ये हिंदू विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंवर टीका करणारे पुष्कळ होते. त्यांचे काम आपल्या रीतीने करून दाखविणारे अण्णासाहेबांसारखे विरळा. टीकेचे खरे उत्तर कोणते आणि खरी टीका कोणती, हे दोन्ही या एका प्रसंगावरून कळते.

राजीनाम्यांनंतर रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. ज्या मुलीने दुष्काळात आईची तिरडी डोक्यावर वाहिली होती, ती आता बाजारात आणि रस्त्यावर पडलेल्या पोरींना उचलीत होती. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छापखाना, आंधळ्यांची शाळा असा मोठा संसार तेथे मांडला गेला. आणि फुलहॅमची ती कथा त्या विसरल्या नव्हत्या. समाजाने पतिता ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालअपेष्टांबद्दल त्यांनी इंग्रज सरकारलाही जाहीर दोष दिला. राज्यकर्त्यांचा व आपला धर्म एक, म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचे मराठी भाषांतर करावयास घेतले. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी जाणीवपूर्वक साधी, बाया-बापड्यांना कळेल अशी मराठी निवडली. ज्ञानोबारायांनी गीता मराठीत आणली तेव्हा पंडितांच्या रागाची पर्वा केली नव्हती. वाट निराळी, पण जातकुळी तीच. हे काम संपत आले असताना जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा वारली. बाईंनी उरलेले मुद्रणशोधन पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. केडगावचे कार्य आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

वाचकहो, गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या आवडत्या भक्ताची जी लक्षणे सांगितली, त्यांत निंदा आणि स्तुती समान मानणे हे एक आहे. ते लक्षण आपण नित्य पाठ करतो. आचरणात आणताना मात्र शेजारचे काय म्हणतील यापुढे आपली मजल जात नाही. रमाबाईंचा धर्म आमचा नव्हे. त्यांनी आपली परंपरा सोडली याची रुखरुख आमच्या मनात आहे आणि ती राहील. परंतु त्या रुखरुखीत आमचाही वाटा आहे. ज्या वेळी आईच्या तिरडीला खांदा हवा होता आणि चोविसाव्या वर्षी विधवेला घर हवे होते, त्या वेळी आपला समाज सभेत बसून निकाल देत होता. उडुपीच्या सभेने निदान बापाचे ऐकून तरी घेतले.

अशी निकालाची वेळ आजही आपल्या घरी येते. कोणाची लेक नांदणे सोडून माहेरी येते, कोणाचा मुलगा परजातीत लग्न करतो, कोणी उपासनेचा मार्ग बदलतो. आणि ओटीवर सभा भरते. अशा वेळी बोलणाऱ्याने आपला आचार सोडावा असे आम्ही म्हणत नाही. समोरच्याचे आधी ऐकावे, भुकेल्याचे पान वाढावे आणि अखेरचा निकाल ज्याचा आहे त्याच्यावर सोपवावा. सरस्वतीपूजनाच्या दिवशी पोथीवर फूल वाहताना आई शारदेजवळ इतकेच मागावे, की निंदेने आमचे पाऊल अडखळू नये आणि आमच्या निंदेने कोणाचे घर सुटू नये.