छोट्या घरासाठी स्पीकर घेताय? आधी अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट वाचा

माझा मावसभाऊ बोरी अरबचा. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात हे गाव आहे. नोकरीसाठी तो यवतमाळला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि पहिल्याच पगारात त्यानं भलामोठा वूफर असलेला स्पीकर आणला. डीजेची गाणी दणक्यात वाजायची. मग एका रविवारी गावाहून आजोबा आले. त्यांनी किराणा घराण्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. खोलीभर नुसता घुमारा झाला. आवाज मोठा आहे, पण गाणारा कुठं गेला तेच कळत नाही, अशी आजोबांची तक्रार होती.

तो गाणारा म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांना जाऊन ८० पेक्षा जास्त वर्षं झाली. पण छोट्या खोलीत गाणं ऐकण्यासाठी स्पीकर कसा निवडायचा, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की चांगलं समजतं. कसं ते बघू.

कैराना ते मिरज

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव मिळालं. घरात गाणं पिढ्यान् पिढ्यांचं होतं. तरुण वयात ते बडोदा संस्थानच्या दरबारी आले. तिथं सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांचं प्रेम जमलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. धर्म वेगळा, सामाजिक दर्जा वेगळा. त्या काळात हे पाऊल किती मोठं होतं, याचा अंदाज आज बांधणं अवघड आहे.

पुढे मिरज हेच त्यांचं गाव झालं. मिरजेत प्लेगनं आजारी पडलेले खाँसाहेब ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा करून बरे झाले, अशी आठवण तिथं सांगितली जाते. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. तीच मुलं पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. संसार मोडला, पण गाणं दोन्हीकडे चालू राहिलं.

त्यांच्या गाण्यात वेगळं काय होतं?

खाँसाहेबांचा आवाज उंच, बारीक आणि टोकदार होता. त्यांचा सगळा भर सुरावर. एकेक स्वर सावकाश लावायचा, त्याच्या आजूबाजूच्या बारीक जागा दाखवायच्या आणि मगच पुढे जायचं. तंबोरा लागला नसेल तर पुढचं गाणं व्यर्थ, अशी ही शिस्त.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स त्या काळात २२ श्रुतींचा अभ्यास करत होते. सप्तकात सात स्वरांच्या मध्ये किती बारीक स्वरस्थानं आहेत, हा त्यांचा प्रश्न. या कामात खाँसाहेबांनी त्यांना प्रत्यक्ष गाऊन मदत केली. म्हणजे ज्या माणसाचा कान श्रुती मोजायच्या कामी आला, त्याचं गाणं आपण वूफरच्या दणक्यावर ऐकायला जातो. गडबड इथंच होते.

तीन मिनिटांत राग

खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणं १९०५ च्या आसपासची. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकानं मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ कोरायची. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. भोंग्याच्या मुद्रणात त्यातला जेमतेम २५० ते २,५०० हर्ट्झचा पट्टा यायचा. तंबोऱ्याचा खर्ज तर जवळपास गायबच.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं मुद्रण आलं. आता मायक्रोफोनमुळे हळू आवाजही टिपता येऊ लागला आणि वरची मर्यादा पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंत गेली. १९३० च्या दशकात खाँसाहेब ओडियन कंपनीसाठी गायले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तासभर चालणारा राग त्यांनी तेवढ्यात बसवला. आज आपण त्यांना ओळखतो ते मुख्यतः याच तबकड्यांवरून.

तबकडीची ताकद किती? भीमसेन जोशींनी लहानपणी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली ती तबकडीवरच. त्या गाण्यानं ते इतके झपाटले की गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे ते शिकले. त्या ग्रामोफोनला ना वूफर होता, ना मोठा बास. तरी सूर पोहोचला.

मग स्पीकर कसा निवडायचा?

गाणाऱ्याचा आवाज असतो मधल्या पट्ट्यात. म्हणून गाणं ऐकायचं असेल तर पहिली परीक्षा या पट्ट्याची. दुकानात जाताना मोबाइलवर खाँसाहेबांचं एक जुनं मुद्रण न्या. शब्द स्पष्ट कळतात का, लांबवलेला स्वर एकसारखा राहतो का, मागचा तंबोरा वेगळा जाणवतो का, हे ऐका. तबकडीची खरखर थोडी ऐकू येणारच. पण ती आवाजापेक्षा पुढे येत असेल तर स्पीकर वरचे सूर उगाच उचलतोय.

दुसरी परीक्षा जोडीची. जुनी मुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. दोन स्पीकर आणि तुम्ही असा सारख्या बाजूंचा त्रिकोण करून बसा. गायक बरोबर मधोमध बसल्यासारखा वाटला पाहिजे. तो पसरला किंवा एका बाजूला सरकला, तर जोडी जुळलेली नाही किंवा मांडणी चुकली आहे.

तिसरी गोष्ट खोलीची. दहा बाय बाराची खोली म्हणजे लांबी सुमारे ३.६ मीटर. अशा खोलीत ४८ हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की हा घुमारा आणखी वाढतो. त्यामुळे लहान खोलीला चार-पाच इंची वूफरचे दोन छोटे स्पीकर सहसा पुरतात. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. फरशी आणि उघड्या भिंतींवर आवाज आदळत असेल तर सतरंजी, गादी, जाड पडदा आणि पुस्तकांचं कपाट उपयोगी पडतं.

खोक्यावरच्या पीएमपीओ वॅटच्या हजारांना भुलू नका. आरएमएस वॅट किती ते विचारा. एवढ्या खोलीत २०-३० आरएमएस वॅटसुद्धा भरपूर होतात. शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते.

शेवटचा प्रवास

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर त्यांनी सूर लावून प्रार्थना म्हटली आणि २७ ऑक्टोबरला तिथंच प्राण सोडला, असं सांगितलं जातं. त्यांना मिरजेत, दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी संगीत सभा होते. याच मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

माझ्या भावानं नवीन काही घेण्याआधी एवढंच केलं: स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढला, बास खाली आणला आणि फरशीवर गावाकडची सतरंजी टाकली. पुढच्या रविवारी आजोबांनी तेच रेकॉर्डिंग दोनदा लावायला सांगितलं. नवे स्पीकर तो दिवाळीत घेणार आहे. पण दुकानात आधी खाँसाहेबच वाजणार, हे त्यानं ठरवून टाकलंय.